हजाराला कमळ

नकाशात नाईल वर जाते.
सातेरीनं हात न उचलताच विचारलं,
"बाई, नदी चढते कशी ओ?"
त्याच्या शेताकडेची मलप्रभा उतारानं जाते,
चढणारं पाणी त्यानं फक्त मोटारपंपाचं बघितलंय.
मी नकाशा खिळ्यावरून काढला,
जमिनीवर पसरला.
आता सांग वर कुठंय?
तो नकाशाभोवती दोनदा फिरला
आणि नाईलच्या मुखाशी मांडी घालून बसला.

असा सुरू झाला आमचा इजिप्तचा महिना,
खानापूरच्या अलीकडे, वीटभट्टीमागच्या शाळेत,
चौथी-पाचवी एका खोलीत.

गणिताला
एकाला रेघ, दहाला कमान,
शंभराला दोराचं वेटोळं, हजाराला कमळ.
"आमच्या भट्टीवर हजाराला चिंचोका," भैरू म्हणाला.
"मुकादम आप्पाच्या टोपीत टाकतो."
मग फळ्यावर विटा मांडल्या, तीन हजार तीनशे:
तीन कमळं, तीन वेटोळी.
शेजारी तीन चिंचोके.
आणि वरच्या तीनशेचं काय?
"ते मुकादम धरत नाही की ओ."
त्या दिवशीचं गणित तिथंच थांबलं.

विज्ञानाला रताळं.
पोट कोरलं, खडेमीठ भरलं,
शेवंतीच्या आईच्या विटक्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या.
दुसरं तसंच ठेवलं खिडकीत, तुलनेसाठी.
मिठातल्याचं बारसं झालं: राजे रताळेश्वर.
खिडकीतल्याला नाव ठेवायचं
कुणाच्या मनात आलं नाही.

भाषेच्या तासाला मी सांगितलं,
राजाच्या नावाभोवती ते दोरी काढत.
नाव राहिलं तर माणूस राहतो, असं मानत.
म्हणून राग धरला की माणसं पाठवत,
छिन्नी घेऊन, भिंतीवरचं नाव खरवडायला.

वर्ग गप्प झाला.
रुक्सानानं खिडकीतून बोट दाखवलं,
शाळेच्या कमानीकडे.
निळ्या रंगाखाली
जुन्या अक्षरांची एक वेलांटी
अजून फुगून दिसते, उन्हं तिरपी असली की.
"तसं का, बाई?"
मी म्हटलं, आपण इजिप्तचं शिकतोय ना.
पगार एक तारखेला होतो,
आणि हे वाक्य मला आधीपासून पाठ होतं.

दारात शिवलीला टीचर हजेरी घेऊन उभ्या होत्या,
बैलहोंगलच्या, कन्नडच्या.
किती वेळ, ठाऊक नाही.
आत आल्या, मागच्या बाकावर बसल्या,
गुडघे मावेनात.
मी त्या दगडाचं सांगायला लागले:
एकच हुकूम तीन लिप्यांत कोरलेला.
दोन कुणालाच वाचता येईनात, तिसरी येत होती,
तिच्या आधारानं पुढं बाकीच्या उघडल्या.

टीचर उठल्या. माझ्या 'नदी'खाली
त्यांनी खडूनं 'नदी' लिहिली,
कौलांसारखी गोल वळणं.
मोठ्यानं वाचली.
"तेच की!" सातेरी ओरडला.
तिच्याखाली रुक्सानानं पाण्याची नागमोडी रेघ काढली,
टीचरना विचारून, मला नाही.

त्याचा दगड आम्ही भट्टीच्या मातीचा केला.
भाजताना तडकला, नागमोडी रेघेवरच,
तर पोरं म्हणाली, पूर आला.

चाळिसाव्या दिवशी रताळेश्वर उघडला:
सुरकुतलेला, कडक, अजिबात न कुजलेला.
तागडीत अर्धा भरला. तक्त्यात नोंद केली.
तेवढ्यात कुणीतरी खिडकीकडे बघितलं.
बिननावाच्यानं चार पानं काढली होती
आणि गजाला एक वेढा घातला होता.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना
भैरूचा आप्पा आला.
टोपी हातात, पायरीच्या खालीच उभा,
पायाला ओली माती.
आत या म्हटलं तर नको म्हणाला.
"ते शंभराचं काय असतं, वेटोळं,
तेवढं एका कागदावर
काढून द्या, बाई."