टॉर्च धरणारी

तीस वर्षं मी टॉर्च धरली.
बेंचखाली, लेथमागे, एकदा तर माळ्यावर,
एका हातात शिडी, एका हातात उजेड.
"जरा डावीकडे. अगं डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे."

लोकमान्यनगरातल्या ह्या गॅरेजात
स्कूटर होती तोवर चाळिसाचा एक बल्ब पुरला.
स्कूटर गेली, लाकूड आलं,
विद्याधर रिटायर झाला आणि सगळा दिवस इथेच राहू लागला.
मग जुन्या चोकची चार फुटी ट्यूब लागली,
ती नेमकी त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर.
तो वाकला की त्याचंच डोकं
कामावर सावली धरून बसायचं.
"डोळे गेले माझे," म्हणायचा.
डॉक्टर म्हणाले, डोळे जागेवर आहेत.

आणि ते लेथ.
ट्यूबच्या लपलपीत फिरता चक
मधेच थांबल्यासारखा दिसतो.
हे आधी मला दिसलं,
कारण मी काम करत नव्हते, बघत होते.
तो हात पुढे नेत होता. मी ओरडले.
नंतर आठवडाभर लेथवर जुनी चादर,
आणि हा ओट्यावर बसून
एकच लाटणं घासतोय, घासतोय.

सोमवारी महाराणी रोड.
मुर्तझाभाई म्हणाले, "कितने वॅट का दूँ, सर?"
सर गप्प.
मी पर्समधून दोन तुकडे काढले,
एक सागाचा, एक शिसवाचा,
आणि एकेका दिव्याखाली धरत गेले.
निळसर पांढऱ्याखाली दोघंही
दवाखान्यात निजवल्यासारखे.
पिवळ्याखाली दोघंही गुळाचे, गोड, खोटे.
चौथ्या दिव्याखाली शिसवातली जांभळी रेघ
झोपेतून उठावी तशी उठली,
सागाने आपला तेलकटपणा कबूल केला.
"ये वाला. ऐसे दो."
"दो काहे को, मॅडम? एक में ही कमरा भर जाएगा."

खोली कोणाला भरायची होती?
एक दिवा सावली पाडतो,
दुसऱ्याने ती उचलायची असते.
आणि एक तिसरा हवा, वाकत्या मानेचा, लेथपाशी,
तिरका पडणारा.
समोरून येणारा उजेड ओरखडे झाकतो.
हे मी कुठे वाचलेलं नाही.
मनगट अवघडून टॉर्च कलंडायची
तेव्हाच तो म्हणायचा,
"हां, आता दिसलं. अशीच राहा."
इतक्या मऊ आवाजात त्याने दुसरं काही
म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

बबलूने तारा ओढल्या.
दिवे मात्र विद्याधरनेच टांगले, शिडीवर चढून.
मी खाली, हात मोकळे.
"अजून डावीकडे," मी म्हणाले.
"माझ्या की तुझ्या?"
"लाकडाच्या."

बटण दाबलं.
आधी दिसली जाळी, मग भुसा,
मग दिवाळीपासून हरवलेली पटाशी,
आणि मग कोपऱ्यातलं ते स्टूल,
त्याने माझ्यासाठी केलेलं पहिलं.
तो उकिडवा बसला, बोट फिरवलं.
"हे असं होतं?"
एका बाजूला पटाशीचे सात-आठ घाव,
पॉलिशखाली सरळ झोपलेले.
मला माहीत होतं.
बारा वर्षं बसून भाजी निवडतेय त्यावर,
साडीचा काठ दर वेळी तिथेच अडकतो.
मी म्हणाले, "अय्या, हो का."

आता तो रोज थोडं थोडं स्टूल तासतो.
मी पाटावर बसते. गुडघे कुरकुरतात.

काल साडेआठला वीज गेली.
गॅरेजातून हाक आली, सवयीची, अर्धी,
"अगं, टॉर्च..."
मी मटार सोलत होते, अंधारात,
त्याला उजेड लागत नाही.
"सेल संपलेत," म्हणाले.
संपले नव्हते.