थर

देवगडला, जेटीच्या चढावर माझं दुकान.
रुक्मांगद कुबल फोटो घेऊन आला,
दहा मोबाइलांतून फिरून फुटलेला :
वाळूत कललेली होडी, मागे पांढरंफटक आभाळ.
‘मोठो करून दी. फ्रेमीत.’

होडी मोडून तीन वर्षं झाली.

मी नावाला उठाव दिला, सावली दिली, सोनेरी केलं.
‘सोन्याचा कित्याक?
“ते”ची मात्रा वाकडी होती, भावान काढलली.
वाकडीच ऱ्हवांदे.’
मग माउसनं, मुद्दाम हात हलवत : सातेरी.

आभाळ तेवढं रिकामं राहिलं.
पोत मी जमवून ठेवतो :
जांभा, गंजलेला नांगर, सुकत्या बांगड्यांची चटई,
तिठ्यावरच्या हॉटेलातलं एक टेबल,
जुनं लाकूड म्हणून टिपलेलं.
तेच वर टाकलं. मल्टिप्लाय.
उजेड गळून जातो त्यात,
उरतात भेगा, खिळ्यांची भोकं.
चाळीस टक्क्यांवर आणलं.

तो पडद्याजवळ सरकला.
एका भोकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर,
मधलं अंतर ओठांतल्या ओठांत मोजलं.
‘ही खयली फळी?’

मी दोन चहा सांगितले.

त्याने परत विचारलं नाही.
कप संपता संपता म्हणाला,
‘वायच काळी कर.’