तिसरी पाळी

पहिल्या दोन रात्री नागमणीनं काढल्या.
आता ती भिंतीकडे तोंड करून झोपलीय,
मुठीत अजून नाक पुसायचं फडकं.
आज तिसरी पाळी माझी.

कारखान्यातून आलो तो दारातच थांबलो.
भुवयांवर सूत, कानामागं सूत,
श्वास घेतला तरी कापूस.
आधी मोरी, मग चिट्टी.
पाणी परवा येऊन गेलं, पुढचं शुक्रवारी,
तरी दीड बादली घेतली अंगावर
आणि हिशेब केला नाही.

दीड वर्षाची आहे.
सर्दीला काय म्हणायचं तिला ठाऊक नाही,
म्हणून ती चापट मारते
स्वतःच्याच नाकाला,
आणि माझ्याकडे बघते
मीच बसवलंय ते असं.

अशोक चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी
कागदावर फार काही लिहिलंच नाही.
मिठाच्या पाण्याचे थेंब. वरणाचं पाणी, घोट घोट.
खोकल्याची बाटली? या वयात नको.
मी मनात म्हटलं, मग फी कशाची?
उठता उठता म्हणाल्या,
छातीकडे लक्ष ठेवा.
श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डा पडायला लागला,
किंवा पाणी प्यायचं सोडलं तिनं,
तर सकाळची वाट बघू नका.
फी त्या वाक्याची होती,
हे रात्री एक वाजता कळतंय.

शहजादबी ओव्याची पुरचुंडी घेऊन आल्या,
उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.
दिवसभर विड्या वळलेला हात पदरात.
"तमाकू की बास है मेरे कू, बच्ची कू नक्को.
तवे पो गरम कर,
पैले अपने गाल कू लगा को देख."
लावली गालाला. भाजलं.
फुंकर घालत बसलो पुरचुंडीवर,
मग ठेवली उशापासून वीतभर लांब.

थेंबांचं मात्र जमेना.
पहिला कानात गेला, दुसरा माझ्या बाहीत.
मग रिकामा ड्रॉपर माझ्याच नाकाला लावला
आणि खोटी शिंक दिली, इतकी मोठी
की भांड्यांवरचं मांजर पळालं.
ती हसली, आ करून,
शेंबडाचा फुगा आला आणि फुटला.
तेवढ्यात टाकले दोन थेंब.
हसणं अर्ध्यात रडणं झालं.
फसवलं मी तिला. नाक मोकळं झालं.

पुसायला टॉवेल आमच्याच मागावरचा,
परदेशातल्या कुठल्या हॉटेलसाठी विणलेला,
एका काठाला वीण चुकली म्हणून बाद.
मालकानं पगारातून कापला होता तेव्हा.
चाळीस धुण्यांनी असा मऊ झालाय
की लाल झालेल्या नाकपुडीलाही बोचत नाही.
बरं झालं, चुकली.

नाक बंद की आडवी झोपत नाही,
म्हणून खांद्यावर, उभी.
बावीस वर्षं मागाजवळ गेली,
माझे कान त्यांनीच ठेवून घेतले.
तिची घरघर मला नीट ऐकू येत नाही.
नागमणी म्हणते, ऐक ना, कसं वाजतंय,
मी मान हलवतो.
पण हा तळहात,
सोळा नंबरच्या मागावर ठेवला की
कुठला धागा ढिला पडलाय ते सांगतो.
तो आज तिच्या पाठीवर.
जातो. येतो. मध्ये अडखळतो. सुटतो.
तुटला धागा तर गाठ मारायची,
हातांना एवढंच येतं.
इथं नुसतं ठेवून राहायचं.

तीनच्या सुमाराला हाताला मुंग्या आल्या.
पाठीत काही खडबडीत होतं, ते गुळगुळीत झालं,
किंवा माझाच हात बधिर झाला असेल.
बोट तिच्या नाकाखाली धरलं.
ऊन होतं, ओलं होतं,
दोन्ही बाजूंनी येत होतं.

सहाला नागमणी उठली.
कशी आहे, ओठांवरून कळलं.
मी सांगितलं नाही,
तिचा हात घेऊन ठेवला
माझ्या हाताच्या जागी.
मग चपला शोधत होतो,
ती मागून डब्याचं काहीतरी विचारत होती.
मी हो म्हटलं.