इस्त्री न्यायची नाही

मालनकाकी नेजदार, कसबा बावड्यातल्या गिरणीवाल्या,
आल्या, पिशवी टेबलावर टाकली, म्हणाल्या,
"दिलावर, तू अकरा वर्षं बोटीवर होतास न्हवं?
मी पण जातो आता. पोरानं तिकीट काढलंय.
काय काय न्यायचं सांग."

भुवया पांढऱ्या. पिठानं की वयानं, कळत नाही.

मी इस्त्री उभी केली. म्हटलं,
सगळ्यात आधी, ही न्यायची नाही.
आगीला तिथं पाण्यापेक्षा जास्त भितात.
पातळ चुरगळलं तर न्हाणीत टांगा, गरम पाणी सोडा,
वाफेनं सुरकुत्या जातात. निम्म्या तरी.

"उलट्या होतात म्हणं."
होतात. खोली मधोमध घ्या, खालच्या मजल्यावर.
टोकाची खोली म्हणजे जत्रेतला पाळणा.
गोळी मळमळायच्या आधी, नंतर उपयोग नाही.
आलेपाक ठेवा जवळ,
आणि पोटात ढवळलं तर डोळे मिटू नका,
लांब बघा, पाणी संपतं तिथं.

"खिडकीची घेऊ की बिनखिडकीची?
पोरगा म्हणतो, पैशाकडं बघू नको."
पोरगा असं म्हणतो तेव्हाच बघायचं असतं, काकी.
त्या हसल्या. पदराला नाक पुसलं.

मोठी बॅग दारातच घेतात, खोलीत यायला संध्याकाळ होते.
बीपीच्या गोळ्या, चष्मा, पासपोर्ट, एक जोड कपडे
हातातल्या पिशवीत.
मोबाइल विमानात करतात तसा बंद ठेवा,
नाहीतर बिल बघून पोरगाच आडवा व्हायचा.
पायताण ओल्या डेकवर नको, आपलं कातडं तिथं सरकतं.
जेवण आळणी लागलं तर मिरची मागा, लाजू नका,
भटारखान्यात गोव्याकडचा एखादा असतोच.

बंदरात उतरलात की घड्याळ बोटीचं बघायचं.
मोबाइल गावागणिक वेळ बदलतो, बोट नाही बदलत.
तासभर आधी माघारी या.
"न्हाईतर?"
न्हाईतर जाते. ती काय बावड्याची केएमटी आहे,
हात केला की थांबायला?

पिशवी उचलता उचलता त्या म्हणाल्या,
"रात्री समुद्र कसा दिसतो रे?"

आमची लाँड्री पाण्याच्या पातळीखाली, दोन जिने.
चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे,
दिवसाला चार हजार टॉवेल, आणि खिडकी एकही नाही.
रात्र म्हणजे पाळी. पाळी संपली की झोप.
बंदरात, उन्हात, पाहिलाय समुद्र,
धक्क्याला लागलेला, तेलकट, केळीच्या साली तरंगणारा.

खोटं सांगता आलं असतं. चांदणं वगैरे.
समोर हाजी अंड्यांचे ट्रे उतरवत होता, तिकडं बघत राहिलो.
म्हटलं, मला नाही माहीत काकी.
तुम्हीच बघून सांगा.

गिऱ्हाईक ओलं जोंधळं घेऊन आलं की बघतात,
तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.
मग, "तीन पातळं आहेत. काठ जाळू नको."

महिन्यानं आल्या. रुमालात बांधलेली सहा चॉकलेटं.
"टॉवेलचा हत्ती करून ठेवतात रे रोज खाटेवर.
सोडवायला जीव होईना, अंग तसंच पातळाला पुसलं दोन दिवस."
जेवणाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं,
एक बंदर चुकवलंन् मुद्दाम, झोप लागली होती म्हणून.
मी विचारलं नाही.

"आणि दिसत न्हाई बघ रात्रीचा.
नुसतं काळं. दिव्याच्या उजेडापुरता फेस, पुढं काय न्हाई.
ऐकू येतो पण.
गिरणी बंद केली तरी कानात चालू राहते बघ,
तसा. बारीक. भिंतीतनं."

मी पातळावर पाणी शिंपडलं. इस्त्री टेकवली, चर्र झालं.

भिंतीतनं.
अकरा वर्षं मला वाटत होतं, वाळवणीचं मशीन आहे,
दोनदा तक्रार पण दिली होती लिहून.

"किती झालं?" काकी म्हणाल्या.
पंचेचाळीस, म्हटलं. सुटे द्या.