नववा तुकडा

पानशेत फुटलं त्या दिवशी
वखारीच्या पत्र्यावर आम्ही सात जण,
आणि जनू तांडेल.
लढाईत त्यांची बोट बुडालेली, पेठेत सगळ्यांना ठाऊक.
“तांडेल, आरमारातले ना तुम्ही? उतरा की!”
वैद्यांची ट्रंक वाहत चालली होती.
ते उतरले नाहीत.

खाली रॉकेलची पिंपं कलंडली,
पाण्यावर साय धरली, मोरपंखी.
तांडेलांनी माझ्या तोंडावर पंजा दाबला:
“मीट. डोळे पण. गिळू नको.”
मी तर पाण्यात नव्हतोच.

अंधार पडताना एक पाव निघाला कुणाच्या तरी पिशवीतून.
त्यांनी माझा करगोटा तोडून घेतला,
दोऱ्यानं कापला पाव.
सुरीनं चुरा सांडतो, म्हणाले,
जपान्यांच्या कोठडीत तीन वर्षं
चुरासुद्धा मोजून वाटायचो.

मग मला पाठ करून बसवलं.
“हा कुणाचा?”
मी म्हटलं, वैद्यकाकांचा.
“हा?”
शकूचा.
“हा?”
असं करत आठही नावं संपली, माझं धरून.

“हा कुणाचा?”

मी गप्प.
पत्र्याखाली ओंडके एकमेकांवर आपटत होते.
त्यांनी पुन्हा विचारलं, हळू,
आणि स्वतःच म्हणाले,
“लोबोचा. फळी त्यानं सोडली. आम्ही नाही.”

उजाडताना पाणी उतरलं.
गुडघाभर चिखल, त्यात कुणाचं तरी देवघर.
तुकडा ते खाईनात, टाकवेना.
शेवटी रुमालात बांधला
आणि पहिल्या पाळीला
खडकीच्या कारखान्यात चालत निघाले.