बांधावरची गस्त

दूध पावडरीचा चहा गोडच होतो, काही केलं तरी.
मी मीठ टाकते, ढवळते, परत टाकते.
चुलूनबात म्हणतो, सार्जंट, हे औषध झालं.
म्हणतो, आणि कप पुढे करतो.

बेंतिऊ. पहाटेचे साडेपाच.
चहूकडे पाणी, मधोमध आम्ही,
मातीच्या एका बांधाने कसेबसे धरून ठेवलेले.
पलीकडचं पाणी आपल्या उशांपेक्षा उंच आहे,
असं पहिल्याच आठवड्यात कुणी बोलून गेलं.
तेव्हापासून मी कुशीवर झोपते,
एक कान मोकळा ठेवून.

एवढं पाणी मला ठाऊक नव्हतं.
आमच्याकडे ते कुऱ्हाडीनं तोडायचं,
पोत्यात घालून आणायचं
आणि नमद्याच्या घराबाहेर रचायचं, सरपणासारखं.
मागितलं की एक तुकडा पातेल्यात.
आता बूट वाळत नाहीत. पीठ वाळत नाही.
पत्राचा कागदही हातात मऊ पडतो.

रविवारी हिवतापाची गोळी.
त्या रात्री स्वप्नं फार ठळक पडतात.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, दुष्परिणाम आहे.
त्या रात्री आई शेणाच्या गोवऱ्या चुलीत सारते
आणि धुरानं माझेच डोळे चुरचुरतात.
सोमवार ते शनिवार
मी दुष्परिणामाची वाट बघते.

वडील फोन घेऊन टेकडीवर चढतात, खाली रेंज नाही.
ते सहा तास पुढे.
माझी रात्र संपेपर्यंत त्यांची सकाळ जुनी झालेली.
बोलायला त्यांच्याकडे काही नसतं.
"बरंय," म्हणतात. "वारा आहे."
मग फोन तसाच वाऱ्यात धरून उभे राहतात.
मी ऐकत राहते. कार्डातली मिनिटं सरत जातात.

काल गस्तीवर एक म्हातारा दिसला,
बांधाची माती नखांनी खरवडत होता.
बांधाला हात लावायचा नाही, हा नियम.
मी न्याबोलला म्हटलं, सांग त्याला.
तिनं सांगितलं. त्यानं मान डोलावली, आणि खरवडत राहिला.
पायाशी मातीचे बैल, ओळीनं, अंगठ्याएवढे.
गात्लुआक त्याचं नाव.
एकेकाला बोट लावून तो काही म्हणत होता.
न्याबोल म्हणाली, रंग सांगतोय. हा कबरा, हा मोरा,
हा पोटाशी पांढरा, हा राखेच्या ठिपक्यांचा.
चौतीस होते. पाण्यानं चारा गेला, मग ते.

मी वाकून बसले. बंदूक मांडीवर आडवी.
म्हटलं, आमचे थंडीनं गेले.
एकाच हिवाळ्यात एकशे बारा, काही तर उभ्याउभ्याच.
वडील दार उघडायचे आणि बाहेर न जाता लावून घ्यायचे.
न्याबोलला गोठणं हा शब्द सापडेना.
तिनं दोन्ही हात ताठ केले, डोळे मिटले.
म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
मग विचारलं, रंग?
मी सांगितले. तांबूस, करडा, कपाळावर पट्टा असलेला.
आमच्या भाषेतले शब्द, आठ महिन्यांत पहिल्यांदा
कुणी मागितले म्हणून उच्चारलेले.
त्यानं ते म्हणून पाहिले. सगळे चुकीचे.
मी दुरुस्त केले नाहीत.

वहीत लिहिलं : बांध ठीक. काही विशेष नाही.

आज फाटकाशी त्यानं माझ्या हातात घोडा ठेवला.
घोडा त्यानं कधी पाहिला नव्हता.
मान लांब, शेपूट बरोबर,
आणि डोक्यावर दोन ऐटबाज शिंगं.

रात्री फोनसमोर धरला.
टेकडीवरचा वारा थोडा थांबल्यासारखा वाटला.
वडिलांनी चित्र जवळ नेलं, लांब नेलं.
शिंगांबद्दल एक शब्द नाही.
"जनावर चांगलं आहे," म्हणाले. "दात बघितलेस?"

नाही बघितले, म्हटलं.
उजाडल्यावर बघते.