दुसरा खिळा

रावपुऱ्यात, टॉवरच्या मागल्या गल्लीत
आप्पांचं फ्रेमचं दुकान. आता माझं.
इथे येतात देव, नाहीतर गेलेले.
देवाला एक खिळा,
गेलेल्याला दोन :
एक मागे, भिंतीसाठी,
एक वर, हारासाठी.
आप्पा कधी विचारायचे नाहीत,
गिऱ्हाइकाचे डोळे बघून हातोडी उचलायचे.

नवरात्र सरली तशी कंकू आली
विश्वामित्रीच्या काठावरून,
सोबत मफत आणि दोन पोरी,
दुधाच्या पिशवीत एकेचाळीस फोटो.
अकरा माणसांत दोन कॅमेरे, म्हणाली,
ज्याची पाळी त्याचा आठवडा.
काच नको बेन, नुसती चौकट.
काठावरच्या भिंतीला लावायचेत,
आमच्याच लोकांना दाखवायला.
घासाघीस झाली. तिच्यापेक्षा मीच जास्त केली,
हे आता लिहिताना दिसतं.

रात्री काउंटरवर पसरले.
वाटलं होतं, मगरी असतील,
बाहेरचे येतात ते मगरीच टिपायला येतात.
एकाच फोटोत होती, तीही कोपऱ्यात,
ओल्या ओंडक्यासारखी.
मधोमध रमिलाचं वाळत घातलेलं धुणं,
त्यात एक शाळेचा शर्ट इतका पांढरा
की मगर मला तिसऱ्या खेपेला दिसली.
शनाकाकांच्या टाचा.
रंगाच्या डब्यातलं मिरचीचं झाड.
भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ
आणि शेजारी खडूने पोरांच्या उंचीच्या रेघा;
पाण्याहून उंच एकटा वनराज.
मफतने काढलेला :
वस्तीचे फोटो काढायला आलेले सहा जण, ओणवे,
एकेक डोळा मिटलेला,
जणू सगळ्यांच्याच डोळ्यात एकदम काही गेलंय.
आणि एक दार. कुलूप लावलेलं.
दाराला भिंत नाही.
म्युनिसिपालटी येऊन गेल्यावर
कुणीतरी ते चौकटीसकट लिंबाला टेकवून ठेवलेलं.

उरलेसुरले तुकडे जोडत गेले,
सागवानी, बेगडी सोनेरी,
कुणाच्या न नेलेल्या लग्नफोटोचा काठ.
दोन सारख्या निघाल्या नाहीत.
पहाटे तीनला संपलं,
आणि हाताने, मला न विचारता,
एकेचाळीस चौकटींवर ठोकून टाकला
दुसरा खिळा.

कंकूने एक उचलली, खिळ्यावरून बोट फिरवलं.
आधी कळेना. मग हसली,
भिंतीवरचे सगळे गेलेले ऐकत राहिले इतकी हसली.
“बेन, अमे तो जीवता छीए!”

मी पकड काढली. मान वर न करता
ओळीने उपटत सुटले.
दाराच्या फोटोपाशी तिने माझं मनगट धरलं.
हा राहू दे.

रविवारी गेले बघायला.
लोक आपापल्याला शोधत होते,
सापडल्यावर भांडत होते,
की माझं नाक असं कुठे आहे.
शनाकाका टाचांपुढे उभे :
या माझ्या? एवढ्या?
दाराच्या फोटोवर, खिळ्याला
किल्ली. खरी. सुतळीत ओवलेली.
नदीवरून वारा आला की हलायची,
काच नाही, त्यामुळे कागदाला घासायची;
कुलपाच्या बोटभर खाली
ओरखडा पडत चालला होता.
कुणी काढली नाही ती.

राहिलेले पैसे मफत आणून देतो,
दर मंगळवारी, दहा-दहा करून.
परवा म्हणाला, तुमचा काढू?
मी केस सारखे केले,
आप्पांच्या तसबिरीखाली जाऊन उभी राहिले.
तिथे नको, म्हणाला. हात. ठोकताना.

आला तो हललेला.
हातोडीच्या जागी नुसता करडा धूर,
अंगठा तेवढा स्वच्छ,
काळ्या पडलेल्या नखासकट.
खणात ठेवलाय, खिळ्यांच्या डबीखाली.
चौकट कधी करणार, विचारतो दर मंगळवारी.
मी म्हणते,
आधी तुझे साठ रुपये.